पाठराखीण

आमच्या इनचार्ज सिस्टरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. पाठी राहत.

एका लग्नात मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आम्ही दोघी ताटल्या घेऊन जेवणाच्या रांगेत उभ्या होतो. सुटातले एक गृहस्थ लगबगीने आले, हात जोडून म्हणाले, "ओळखलंत का सिस्टर? तुमच्यामुळे वाचलो मी." सिस्टरांनी चष्मा वर केला, खाली केला. ओळख पटेना. गृहस्थांचा चेहरा पडायला लागला. "न्यूमोनिया झाला होता बघा मला, खिडकीजवळच्या बेडवर होतो," ते म्हणाले. त्याबरोबर सिस्टरांचा चेहरा उजळला.

"माकडहाडाच्या जरा वर, डावीकडे, वाटाण्याएवढा तीळ. तुम्हीच ना?"

गृहस्थांनी हळूच मान हलवली.

"त्याच्या शेजारी लाल व्हायला लागलं होतं. आता बरी आहे ना तिथली कातडी?"

गृहस्थांच्या मागे त्यांच्या नव्या विहीणबाई उभ्या होत्या. त्यांनी ताटात घेतलेली जिलबी परत ठेवली.

आमचं हॉस्पिटल गंगापूर रोडला. नाव घेण्याचं कारण नाही. मी तिथल्या आयसीयूत नर्स म्हणून लागले तेव्हा सिस्टर तिथे इतक्या जुन्या झाल्या होत्या, की भिंतीतल्या ऑक्सिजनच्या नळ्यांसारख्या त्या इमारतीबरोबरच आल्या असाव्यात असं वाटायचं. माहेर पिंपळगाव बसवंतचं, आवाज बाजार समितीतल्या लिलावाचा. ठेंगण्या, रुंद, नखं मुळापर्यंत कापलेली. गणवेशाच्या खिशात कायम एक लहान गोल आरसा. नवीन नातेवाइकांना वाटायचं, बाई नटव्या आहेत. त्या आरशात त्यांनी स्वतःचं तोंड कधी पाहिलं नसेल. तो पेशंटच्या टाचेखाली धरायला होता. पाय फार न हलवता टाचेची मागची बाजू त्यात दिसते.

आम्ही त्यांना पाठराखीण म्हणायचो. नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. ही आयसीयूतल्या बेशुद्ध माणसांच्या पाठी राखायची. अर्थात हे नाव आम्ही त्यांच्या पाठीमागेच घ्यायचो, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आयसीयूतल्या माणसाला काय झालंय ते सगळ्यांना समोरून दिसतं. छाती वरखाली होते, मॉनिटरवर रेघ पळते, तोंडात नळी असते. पण तो माणूस हलत नाही. जिथे जिथे त्याचं हाड गादीला टेकतं, तिथलं मांस त्याच्याच वजनाखाली गुदमरतं. सुरुवातीला नुसता डाग दिसतो. तो तेव्हाच ओळखला तर जातो. घामाचं पुरळ, डायपरचं लागणं म्हणून सोडून दिला तर तिथे खड्डा पडतो. न्यूमोनियातून वाचलेला माणूस मग त्या खड्ड्यापायी महिनोन्‌महिने झिजतो. सिस्टर म्हणायच्या, "हृदय डॉक्टर बघतात, फुप्फुस मशीन बघतं. मागची बाजू देवसुद्धा बघत नाही. लोक त्याला नेहमी समोरूनच भेटतात ना."

माझ्या पहिल्या दिवशी त्यांनी माझी कागदपत्रं पाहिली नाहीत. रिकाम्या बेडकडे बोट दाखवून म्हणाल्या, "झोप."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"झोप गं. उताणी. हलायचं नाही. माझा चहा होईपर्यंत."

मी झोपले. त्यांनी माझ्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा घट्ट मास्क बांधला आणि कपबशी घेऊन शेजारी स्टुलावर बसल्या. इतका सावकाश चहा पिणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मध्येच त्यांनी विचारलं, "ठीक आहे ना? काही टोचत नाही ना?" माझ्या उजव्या खांद्याखाली नक्की काहीतरी टोचत होतं. पण पहिला दिवस, समोर इनचार्ज; मी मान हलवून नाही म्हटलं. चहा संपल्यावर त्यांनी मला उठवलं, बाजूच्या खोलीत नेऊन आरसा धरला. नाकाच्या दांड्यावर लाल खाच पडली होती. खांद्यावर इंजेक्शनच्या टोपणाचा गोल ठसा उमटला होता. टोपण त्यांनीच चादरीखाली ठेवलं होतं.

"तू शुद्धीत आहेस," त्या म्हणाल्या, "तुला तोंड आहे, मराठी येतं. मी विचारलंसुद्धा. तरी तू सांगितलं नाहीस. मग तो कसा सांगणार?" आणि त्यांनी समोरच्या बेडवरच्या, व्हेंटिलेटरवरच्या माणसाकडे हनुवटीने खूण केली.

खांद्यावरचा ठसा संध्याकाळपर्यंत गेला. त्यांच्यावरचा माझा राग जायला बरेच दिवस लागले.

त्यांचं मोठं भांडण पुस्तकांशी होतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, सुरुवातीला कातडी लाल दिसते, बोटाने दाबली तरी लाली जात नाही. "पुस्तकातला माणूस गोरा असतो," सिस्टर म्हणायच्या. "आपल्याकडे उन्हात कांदा काढणारी माणसं येतात. त्यांच्या पाठीवर लाल शोधत बसाल तर बसालच." मग त्या आम्हाला हात लावायला शिकवायच्या. बोटांची मागची बाजू आधी, कारण तिला ऊन-गार लवकर कळतं. आजूबाजूपेक्षा तिथे गरम लागतंय का? घट्ट लागतंय, की पिकून मऊ झाल्यासारखं? माणूस बेशुद्ध असला तरी दाबल्यावर भुवई हलते का? आम्ही मुली आधी बिचकायचो, पुरुष पेशंटच्या ढुंगणाला हात लावायचा म्हणजे काय. त्या आमचा हात धरून तिथे नेऊन ठेवायच्या आणि तो काढू लागलो की वरून दाबून धरायच्या. आमच्याबरोबर काम करणाऱ्या ब्रदर लोकांनाही तीच शिक्षा.

पेशंटला वेळेवर कुशीवर वळवतो की नाही, हे तपासायची त्यांची एक खोड होती. पेशंटच्या पाठीशी आधाराला जी उशी असते, तिच्या खालच्या अंगाला, कातडीला लागणार नाही अशी, त्या गुपचूप एक टिकली चिकटवून ठेवायच्या. जो वळवील, त्याला उशी काढावी लागणार, टिकली सापडणार, ती त्याने आणून द्यायची. आमच्यात एक उंच, आळशी आणि फार हुशार ब्रदर होता. त्याने मेन रोडवरून टिकल्यांचं अख्खं पाकीटच आणलं. रोज वेळेवर, पेशंटला बोटही न लावता, टिकली हजर करायचा. चार-पाच दिवस सिस्टरांनी त्याचं कौतुक केलं. मग एका सकाळी टिकली उजेडात धरून म्हणाल्या, "दादा, ही मॅट आहे. मी आज चमकीची लावली होती."

ती मॅट टिकली त्याला ड्युटी संपेपर्यंत कपाळावर लावून फिरावं लागलं. राउंडला आलेले मोठे डॉक्टर त्याच्याशी अँटिबायोटिकबद्दल बोलले, नाडी विचारली, सूचना दिल्या आणि जाता जाता म्हणाले, "हळदीकुंकू आटोपलं की एक्स-रे काढून घ्या."

अशा बाईंवर एकदा खरंच वेळ आली. म्हणजे आमच्या सगळ्यांवरच आली.

वणीकडच्या एक आजी संध्याकाळी दाखल झाल्या. न्यूमोनिया, धाप, लगेच व्हेंटिलेटर. इतकी धावपळ, की पाठ बघण्याआधी श्वास बघावा लागला. सकाळी स्पंजिंगला वळवलं, तर कमरेच्या पोकळीत तळहाताएवढा काळपट, फोड आलेला चट्टा. ड्युटीवरची मुलगी प्रामाणिक होती. तिने नियमाप्रमाणे बाहेर जाऊन थोरल्या मुलाला सांगितलं, की पाठीवर बेडसोरसारखी जखम आहे.

मुलगा धिप्पाड, टोमॅटोची मोठी शेती असलेला. तो उठलाच. "काल आणली तव्हा पाठ चांगली व्हती. एका रात्रीत जाळली तुम्ही माझी आई. मशीनच्या चटक्यानं जाळली." त्याने फोन लावले. दुपारच्या आत दोन पिकअप भरून माणसं आवारात आली. मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर येईनात. ज्या मुलीने सांगितलं होतं ती औषधांच्या कपाटामागे रडत होती. बाहेरचा आवाज आत ऐकू येत होता.

सिस्टर आजींच्या पाठीशी उभ्या होत्या. त्यांनी चट्ट्यावरून आरसा फिरवला, कडेने बोट फिरवलं आणि मला विचारलं, "इथे हाड कुठे आहे?"

नव्हतं. कमरेची ती पोकळी. उताणं झोपलं तर गादीला नीट टेकतही नाही.

"आणि हे काय?" चट्ट्यापासून एक बारीक काळी रेघ कुशीकडे उतरत गेली होती. "याला ओघळ आहे. दाबाला कधी ओघळ येतो का?" मग त्यांनी स्वतःची सलवार जरा वर केली. घोट्यापाशी तसलाच जुना काळा व्रण होता. "माझ्या आईने लावला होता. शाळेत पाय मुरगळला होता तेव्हा. बिब्बा."

बिब्ब्याचं तेल गरम करून दुखऱ्या जागी लावतात, गावोगाव लावतात. कुणाला सोसतं, कुणाला उततं. आजींना चांगलंच उतलं होतं.

मला वाटलं, आता त्या बाहेर जाऊन हे सगळ्यांना ठणकावून सांगणार. त्या बाहेर गेल्या, पण पुरुषांच्या घोळक्याकडे बघितलंही नाही. बाकड्यांपलीकडे खाली बसलेल्या बायकांमध्ये जाऊन हुश्श करत बसल्या आणि कमरेला हात लावून कण्हायला लागल्या.

"काय हो बाई, काय झालं?" एकीने विचारलं.

"काय सांगू. कंबर धरली आहे चार दिवस. दिवसभर पेशंट उचलायचे. गोळ्या खाऊन खाऊन पित्त झालं."

"गोळ्यांनी काय व्हतंय," नऊवारीतल्या एक काकू पुढे सरकल्या. या आजींच्या धाकट्या जाऊ. "बिब्बा लावा. लय गुण येतो. आमच्या बाईंची कंबर अशीच धरली व्हती, परवा मीच लावला त्यायला..."

वाक्य तिथेच थांबलं. आवारातले सगळे ऐकत होते. मुलगा हळूहळू वळला.

"काकू, तू बिब्बा लावला आईला?"

"मग? रात्रभर कण्हत व्हती ती. तू घोरत व्हता."

कोणीतरी हसलं. मग पिकअपमधली माणसं एकेक करून चहाच्या टपरीकडे सरकली. मुलगा आमच्या त्या रडणाऱ्या मुलीपाशी आला आणि तिला बघून नुसतीच मान खाली घातली. काकूंनी मात्र पदर तोंडाला लावला तो काढलाच नाही. सिस्टर त्यांच्याजवळ पुन्हा गेल्या, घोट्यावरचा व्रण दाखवला, म्हणाल्या, "माझी आईसुद्धा तुमच्यासारखीच डॉक्टर होती." पण काकू हसल्या नाहीत.

मॅनेजरसाहेबांनी केबिनमधून बाहेर येऊन सिस्टरांचं कौतुक केलं. ते फार दिवस टिकलं नाही.

आठवडाभराने आजींची तब्येत सुधारत होती. नळी काढायची बोलणी चालू होती. सिस्टरांनी सवयीने उजव्या टाचेखाली आरसा धरला आणि तसाच धरून राहिल्या. मग मला हाक मारली. आजींच्या काळ्यासावळ्या टाचेवर मला आधी काहीच दिसेना. त्यांनी माझा हात नेऊन ठेवला. जागा गरम होती, आणि भिजवलेल्या खजुरासारखी मऊ. नीट पाहिल्यावर आत दडलेला जांभळा रंग दिसला. टाच उचलून धरायला पोटरीखाली उशी असते. ती केव्हातरी सरकली होती, आणि कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. असल्या डागाचं वरून काही वाटत नाही. आत मांस आधीच मेलेलं असतं. काही दिवसांनी ते वर येतं.

"ही आपली," सिस्टर म्हणाल्या.

वर कळवल्यावर मॅनेजरसाहेब लगेच आले. दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला. "सिस्टर, घरून आलेली लिहा ना. त्या काकूंनी टाचेलाही लावला असेल बिब्बा. ते लोक आता आपल्यावर विश्वास ठेवतात. काकू स्वतः हो म्हणतील."

हेच खरं अवघड होतं. काकू हो म्हणाल्या असत्या. आठवडाभर त्या बाई खाली मान घालून बसल्या होत्या; जावेच्या अंगावरचं काहीही कबूल करायला त्या तयार होत्या.

सिस्टर म्हणाल्या, "काकूंच्या नावावर एक आहे, तेवढं बास." आणि बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले. दारापाशी त्या थांबल्या. हातमोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. त्यांना भीती वाटत असेल असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

त्यांनी मुलाला बाजूला घेतलं नाही. तिथेच, काकूंच्या समोर सांगितलं. "आजींच्या टाचेला जखम होते आहे. ही घरून आलेली नाही. इथे झाली. आमच्याकडून झाली."

मुलगा उठून उभा राहिला. "म्हंजे आता मी परत पिकअप बोलवू का?"

"बोलवायच्या तर बोलवा. तुमचा हक्क आहे."

"तुम्ही नसतं सांगितलं तर मला कळलं असतं?"

"नाही."

"मग सांगितलं कशाला?"

"घरी नेल्यावर टाच तुम्हालाच सांभाळायची आहे," सिस्टर म्हणाल्या. "ती आतून फुटणार आहे. आहे हेच माहीत नसेल तर सांभाळाल काय?"

 यावर बोलल्या त्या काकू. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांनी पदर तोंडावरून काढला.

"म्हंजे ही मी नाय केली?"

"नाही काकू. ही आम्ही केली."

काकूंनी विचार केला. मग जरा पुढे वाकून, अगदी काळजीने म्हणाल्या, "मग तिथं थोडा बिब्बा लावून बघायचा का?"

 आधी हसला तो मुलगा, मग सगळेच हसायला लागले. सिस्टर भिंतीला टेकून हसल्या, डोळे पुसले. मग मुलाला म्हणाल्या, "चला आत. हात धुवा. शिकवते."

पिकअप आल्या नाहीत. मॅनेजरसाहेब मात्र पुढे बरेच दिवस सिस्टरांशी बोलत नव्हते. "आयसीयूत शांतता हवीच," त्या म्हणायच्या.

आजी घरी गेल्या तोवर मुलगा तरबेज झाला होता. आईचा पाय मांडीवर घेऊन बसायचा, बोटांची मागची बाजू लावून बघायचा आणि आम्हालाच सांगायचा, "आज कालच्यापेक्षा गार हे." टाच फुटली, जशी सिस्टर म्हणाल्या होत्या तशी. रोज तिचा फोटो सिस्टरांच्या फोनवर यायचा. सिस्टर एका बोटाने, शब्द शोधत शोधत, उत्तर टाइप करायच्या. बरी व्हायला बरेच महिने गेले. मग एक दिवस आजींचा मेथीच्या वाफ्यात उभ्या असल्याचा फोटो आला. पाय चिखलात होते, त्यामुळे टाच दिसतच नव्हती. सिस्टरांनी उत्तर पाठवलं, "पाय धुऊन पुन्हा काढा."

फोटो तिथे थांबले नाहीत. गावातल्या एका अंथरुणावरच्या आजोबांचं माकडहाड आलं. कुणाचा प्लॅस्टर घातलेला पाय आला. ज्यांना ज्यांना काही टेकत होतं, रुतत होतं, ते सगळे त्या मुलाकडे येऊ लागले असावेत. एका सकाळी सिस्टरांनी आम्हा सगळ्यांना गोल उभं केलं आणि फोन पुढे धरला. फोटोत काळीभोर, केस गेलेली, सुजलेली जागा होती. आम्ही माना वाकड्या करून पाहिलं. खांदा म्हणावा, तर तो फार रुंद होता. आमच्या उंच ब्रदरने धीर करून विचारलं, "सिस्टर, पेशंटचं वय काय?"

"आठ वर्षं. नांगराला जुंपतात."

बैलाची मान होती. जू घासून, दाबून झालेलं. खाली मुलाने लिहिलं होतं, "मॅडम, हे प्रेशरच ना? काकू इथं डबी घेऊन उभी हे. लवकर सांगा."

आम्ही हसून हसून लोळायच्या बेतात होतो. सिस्टर हसल्या नाहीत. फोटो बोटांनी मोठा केला, कडा बघितल्या, चष्मा वर केला, खाली केला. मग खुर्चीवर बसून एकेक अक्षर शोधत लिहू लागल्या. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते.

"हो, दाबच आहे. आजपासून जुवाला सुट्टी. गरम लागते का ते हात लावून बघा. समोरून जा, आधी त्याच्याशी बोला. काकूंना आत पाठवा."